छापलेली झिणी

३ डिसेंबर १९५८

चुनीलालभाऊ, माझे धाकटे दीर, कापसाच्या गाड्या घेऊन नंदुरबारला गेले होते. येताना रतिलालशेठच्या छापखान्यातलं पुस्तक घेऊन आले. बत्तीस पानं, वर रंगीत कव्हर. ‘मीठवाली झिणी’. पानोपानी चौकटी, चौकटीत चित्रं, आणि माणसांच्या तोंडातून फुगे निघालेत, त्या फुग्यांत बोलणं लिहिलंय.

हे गेल्याला दोन वर्षं होऊन गेली. मागे राहिला तो पत्र्याचा कंदील आणि पेटीभर रंगवलेल्या काचा. गेल्या होळीनंतर रतिलालशेठ येऊन पुस्तकासाठी काचा घेऊन गेले, पावसाळा संपल्यावर परत आणून दिल्या. एकही फुटली नव्हती. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुस्तक दोनदा वाचलं. ही झिणी आमची नाही.

७ डिसेंबर

कोणाला बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून लिहून काढते.

यांची गोष्ट बारा बाजारांची होती. दिवाळी झाली की कय्युमभाईला बरोबर घेऊन निघायचे, तळोदा, धडगाव, मोलगी. कय्युमभाई नंदुरबारचा पत्रेवाला. कंदील त्यानंच बनवलेला, दिवाही तोच सांभाळायचा. बाजार उठताना अंधारून आलं की पांढरं धोतर ताणून बांधायचं आणि काचेवरचं चित्र त्यावर पाडायचं. एका बाजाराला गोष्टीचा एकच तुकडा. पुढचा तुकडा पुढच्या बाजारी. माणसं आठवडाभर वाट बघायची.

गोष्ट साधी. डोंगरात मीठ मिळेनासं झालंय. तापीकाठची झिणी नावाची पोर एका लंगड्या गाढवावर मिठाची गोण टाकून डोंगरात निघते. गावोगाव मूठमूठ मीठ देत जाते. गोण हलकी होत जाते, पोर दमत जाते, आणि शेवटी रिकामी गोण घेऊन घरी येते. ज्या गावात खेळ असेल त्या गावाचं नाव, तिथली विहीर, तिथलं एखादं भांडखोर माणूस त्या दिवशीच्या गोष्टीत यायचंच.

पुस्तकात बारा गावांची चार झाली. त्यांना नावंही नाहीत, ‘एक गाव’, ‘दुसरे गाव’. गाढवाचा घोडा झालाय. झिणी गोरी आहे. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती बुजवून टाकलीय. आमची झिणी अहिराणीत भांडायची, ही मास्तरांसारखं बोलते, ‘अहो काका, कृपा करून थोडे मीठ घ्या.’

आणि ती चालत नाही. यांच्या निम्म्या काचा हलत्या होत्या, एका चौकटीत दोन काचा. मागची स्थिर, पुढची बोटानं सरकवायची. सरकवली की झिणीचा पाय पुढे पडायचा, गाढवाचा कान हलायचा. पुस्तकात तिचा एक पाय वर आहे तो वरच. पान उलटलं की ती दुसऱ्या गावात.

हे सगळं मी सोडलं असतं. पण शेवट. शेवटी एका जहागिरदाराचा मुलगा येतो, झिणीला घोड्यावर बसवून नेतो आणि लग्न लावतो. शेवटच्या पानावर मुंडावळ्या.

आमच्या शेवटी दार आहे. संध्याकाळ, बंद दार, दाराबाहेर झिणी. पुढची काच सरकवली की दार उघडतं, आणि आतून एक हात बाहेर येतो, मनगटापर्यंत पीठ लागलेला. नुसता हात. मोठ्या बाईचा चेहरा काढायला त्यांना जमत नसावं.

दर आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, आमच्या अंगणात हे सगळी गोष्ट सलग दाखवायचे. माहेरी आलेल्या गावातल्या सगळ्या लेकी बसायच्या. दाराची काच आली की हे बोलायचं थांबायचे. कितीतरी वेळ काच सरकवायचेच नाहीत. मग दार उघडायचं आणि पोरी रडायच्या.

पुस्तकात लग्न आहे. चुनीलालभाऊंना म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, “वहिनी, छापी टाकं ना त्यासनी. आते तेच खरं शे.”

८ डिसेंबर

दाराची काच पेटीत नव्हतीच. आज शोधली तेव्हा फडताळात सापडली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. म्हणजे शेठकडे ती गेलीच नव्हती. बाजारात नेताना फुटू नये म्हणून हे वेगळी ठेवत असतील. अशा नाजूक वस्तूंना ते फार जपायचे.

१६ डिसेंबर

झिणीच्या दातांतली फट आमच्या लेकीची, तापीची. तापी सात वर्षांची होऊन गेली, एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात. तीन दिवस ताप. हे मोलगीच्या बाजारात होते. निरोप पोचायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस लागले. आले तेव्हा अंगण सारवून झालं होतं.

मी रडले नाही, बोललेही नाही. वर्षभर घरात भाकरी करत होते. पुढच्या दिवाळीच्या आधी, कापसाच्या वेचणीला गेलो होतो, हे माझ्या शेजारच्या ओळीत होते. कोणी काही म्हटलं नव्हतं. मी एकदाच बोलले, “दुसऱ्याच्या पोरीला दरसाल घरी पोचवता. माझी पोर बोलावत होती तेव्हा कुठे होता?” त्यांनी पिशवी भरली आणि बांधावर नेऊन रिकामी केली. नंतर हा विषय आमच्यात कधीच निघाला नाही. मला मोकळं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

मी वाचायला शिकले ते तापीनंतर. काचांच्या कडेला हे कागदाच्या पट्ट्या चिकटवायचे, त्यावर लिहिलेलं असायचं, ‘झिणी नदी उतरते’, ‘गाढव अडून बसते’. चित्र कळायचंच, मग अक्षरंही कळत गेली. यांना ठाऊक होतं की नाही कोणास ठाऊक. पुढे पुढे पट्ट्या मोठ्या अक्षरांत यायला लागल्या.

२ जानेवारी १९५९

नंदुरबारला जाऊन आले. रतिलालशेठ वाईट माणूस नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. मी पुस्तक उघडून एकेक चूक दाखवत गेले. ते ऐकत होते. गाढवावर आलो तेव्हा मात्र हसले. म्हणाले, “बेन, हे पुस्तक शाळांत बक्षीस द्यायला घेतलंय. गाढवावर बसलेली पोर बक्षीस म्हणून कशी द्यायची? पोराच्या बापाला वाटेल, मास्तरानं टोमणा मारला.”

मी म्हटलं, ती बसत नाही, चालते. गाढवावर गोण असते.

म्हणाले, सुरतेच्या चित्रकाराला घोडा चांगला येतो.

शेवटाबद्दल त्यांचं म्हणणं वेगळंच. पेटीत शेवट नव्हताच. शेवटच्या काचेवर झिणी एका वळणावर उभी आहे, लांब दिवा दिसतोय, बस. त्यांना वाटलं पुढच्या काचा हरवल्या. मग धुळ्याच्या एका मास्तरांकडून लग्न लिहून घेतलं. मला विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि पेटी देताना शेवटची काच आहे का हे मीही पाहिलं नाही.

यांचं नाव पुस्तकात का नाही, तेही विचारलं. शेठ म्हणाले, “तुम्हीच नाही सांगितलं. दोनदा विचारलं मी.” ते खरं आहे. नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नाही. गावात कोणालाही विचारा, सांगतील, असं म्हणाले होते. त्यांनी कोणाला विचारलं नाही आणि पहिल्या पानावर ‘एक लोककथा’ असं छापून टाकलं. माझ्या एका संकोचानं यांची बावीस वर्षं लोकांच्या नावावर गेली.

शेवटी शेठ म्हणाले, आखाजीच्या आधी दुसऱ्यांदा छापायचंय, या वेळी तीन हजार. गाढव आता बदलता येणार नाही. शेवटची दोन पानं बदलता येतील. दाराची काच पाठवा, छापायला ब्लॉक करून घेतो. नावही घालतो.

मला एवढंच हवं होतं. त्यांच्यासमोर बसून कागदावर नाव लिहिलं. शांतीलाल. 

१९ जानेवारी

संक्रांत झाली. आल्यागेल्याला पुस्तकातला शेवट चूक आहे असं मी सांगत असते. चुनीलालभाऊ म्हणतात, लोकं आता मला टाळायला लागलीत. टाळू देत.

शाळेतल्या पोरींनी झिणीचं लग्न खेळायला सुरुवात केलीय. माझ्याच अंगणात. घोडा म्हणून केळीचा खुंट.

८ फेब्रुवारी

कय्युमभाई आला होता, बायको गुलशन बरोबर होती. मोलगीच्या बाजाराला डबे आणि रॉकेलच्या चिमण्या घेऊन निघालेत. मी आनंदानं सांगितलं की दुसऱ्या छपाईत दार येणार. काच दाखवली. त्यानं ती हातात घेतली नाही. गुलशनकडे पाहिलं.

मग म्हणाला, “भाभी, ही काच सहा साल बजारमा निंघनीच नही.”

मला कळेना. त्यानं हळूहळू सांगितलं. आधी दार सगळीकडे दाखवायचे. मग बंद केलं. बाराव्या बाजाराला झिणी वळणावर यायची, लांब दिवा दिसायचा, आणि हे स्वतःच्या हातानं कंदील विझवायचे. म्हणायचे, आज इतलंच, पोर आजून वाटवर शे. पुढच्या दिवाळीला गोष्ट पुन्हा पहिल्या बाजारापासून. सहा हिवाळे असंच. दार फक्त आमच्या गावी, कोरीटच्या अंगणात, आखाजीला.

केव्हापासून, विचारलं. तो म्हणाला, तापी गेली त्या हिवाळ्यात दाखवलं होतं, ते त्याला नीट आठवतंय, कारण त्या वर्षी दाखवतील असं त्याला वाटलं नव्हतं. बंद केलं पुढच्या वर्षी. दिवाळीनंतर निघाले तेव्हा काच पेटीत नव्हती. त्यानं विचारलं तर हे म्हणाले, घरी राहू दे.

मी म्हटलं, मला हे का नाही सांगितलं. तो म्हणाला, “भाऊनी कसम घाली व्हती.” बायको नवऱ्यात मी कुठं पडू, असंही काहीतरी म्हणाला.

९ फेब्रुवारी

म्हणजे मी रतिलालशेठसमोर बसून जे खरं म्हणून भांडले ते फक्त माझ्या अंगणातलं होतं. शेठनं पेटीत जे होतं ते घेतलं आणि पुढे आपलं जोडलं. यांनीही माझ्यासाठी वेगळं जोडलेलंच होतं. मला दरसाल एक शेवट दाखवला आणि बाहेर दुसरा.

पोर गेल्याच्या वर्षी दार दाखवलं, मग पुढच्या वर्षी बंद करण्याजोगं काय झालं, ते माझ्या डोक्यात येत नाही. दुःखानं केलं म्हणावं तर ते पहिल्याच वर्षी व्हायला हवं होतं.

गेलेल्या माणसावर रागावून उपयोग नसतो हे मला माहीत आहे. तरी आज दिवसभर रागात होते.

१ मार्च

मोलगीहून काल परतले. हे तिथे काय सांगायचे ते कय्युमभाईच्या पुढच्या फेरीत जाऊन ऐकायचं होतं. जाते म्हटल्यावर चुनीलालभाऊंनी खूप आरडाओरडा केला. विधवा बाई, पत्रेवाल्याबरोबर, डोंगरात. गुलशन बरोबर आहे म्हटलं तर म्हणाले, ती तर त्याचीच बायको. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला कोण पळवून नेणार, असं मी म्हटलं आणि निघाले.

नावेनं तापी उतरलो, तळोद्यापर्यंत गाडी, पुढे लाकडाच्या ट्रकवर, शेवटचे काही कोस पायी. हे दरसाल बारा वेळा असे जायचे, छातीशी काचा धरून.

कय्युमभाईनं पथारी मांडली तशी माणसं जमली. डबे घ्यायला कमी, बोलायला जास्त. भिली मला येत नाही, कय्युमभाई मधे बसून सांगत होता. मी कोण ते त्यानं सांगितलं. मग एक म्हातारी पुढे येऊन बसली. सुंदरबाई. अंगावर चांदी, तोंडात दात नाहीत. तिनं मला पाहून घेतलं आणि काहीतरी विचारलं.

कय्युमभाई म्हणाला, “ती ईचारस, पोर घर पोचनी का?”

हे गेल्याचं त्यांना दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यांचा प्रश्न यांच्याबद्दल नव्हताच. झिणी वळणावर उभी होती आणि सांगणारा माणूस मेला. म्हातारीनं सांगितलं, हिवाळ्याच्या शेवटच्या बाजाराहून घरी जाताना ती अजून वाटेवरच्या दगडावर एक भाकर ठेवते. कुत्री खातात ते तिला माहीत आहे. पण पोर भुकेली असेल.

मी कय्युमभाईला म्हटलं, यांना विचार, घर दिसत होतं तर ती आत का गेली नाही. तुम्ही विचारलं नाही का त्यांना?

म्हातारी म्हणाली, दरसाल विचारायचो. कय्युमभाई पुढचं सांगेना. खाली डब्यांकडे बघत बसला. मी म्हटलं, जे बोलली ते सांग.

“भाऊ सांगे, तिनी माय रागमा शे. दार उघाडत नही.”

झिणीच्या गोष्टीत असं काही नाही. मला सगळ्या पट्ट्या पाठ आहेत. तिची आई रागावलेली एकाही काचेवर लिहिलेलं नाही.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. बाकीचेही. मी म्हटलं, उघडलं. सांग त्यांना, आईनं दार उघडलं. पिठाच्या हातानं उघडलं. पोर आत गेली.

कय्युमभाईनं सांगितलं. पुष्कळ वेळ सांगत होता, माझ्या दोन शब्दांना इतकं काय लागलं कोणास ठाऊक. माणसं आपसात बोलायला लागली, एक बाई हसली. सुंदरबाई मात्र चिडली. काठी आपटून काहीतरी म्हणाली. तो सांगायला कचरत होता, मी डोळे वटारले तेव्हा बोलला.

“इतला येळ कसाले लाया म्हनस त्या बाईनी. पोरनी चूक काय व्हती.”

मी म्हटलं, काही नव्हती.

२ मार्च

वेचणीत मी तसं बोलायला नको होतं. एवढंच लिहिते.

१४ मार्च

परवा रतिलालशेठचं पत्र आलं. ब्लॉकवाला थांबलाय, काच पाठवा. मी मधे लिहून विचारलं होतं की पुस्तक वळणावर संपवलं तर चालेल का. त्यावर त्यांनी लिहिलंय, चालणार नाही, शेवटचं पान गळालं म्हणून शाळावाले पुस्तकं परत करतील. दार मात्र त्यांना फार आवडलंय. एका चौकटीत बंद दार आणि शेजारच्या चौकटीत उघडं दार, अशी जुळणी केलीय, म्हणतात. खाली मास्तरांच्या दोन ओळी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

येईलही.

पण मी दोन दिवस त्यावरच विचार करतेय. यांच्या काचेवर बंद दार आणि उघडं दार यांच्या मधे यांचं बोट असायचं. अंगणात सगळे श्वास धरून बसायचे, मी पुढच्या रांगेत, आणि हे कंदिलामागून माझ्याकडे बघत थांबायचे. मला वाटायचं, काच अडकली. आता वाटतं, कधीतरी मी उठून काही बोलले असते तर. मी बसून राहायचे. मग शेवटी तेच सरकवायचे. सहा आखाज्या.

पुस्तकात ते थांबणं नाही. पहिल्या चौकटीत दार बंद, दुसऱ्या चौकटीत उघडं, आणि मधे कोरी पट्टी. तिथे कोणालाच काही करावं लागत नाही.

२३ मार्च

सकाळी चुनीलालभाऊ विचारत होते, काच कधी नेऊन द्यायची, ते बाजाराला निघालेत. मी म्हटलं, काच नाही, कार्ड न्या.

शेठना लिहिलं की दाराची काच फुटली, पाठवता येत नाही. पुस्तकात लग्न आहे तेच राहू द्या, पोरींना आवडलंय. यांचं नाव मात्र घालू नका. आधी होतं तसंच छापा, एक लोककथा. ज्या गोष्टीचा शेवट लग्न आहे ती त्यांची नाही, आणि त्यांच्या गोष्टीचा शेवट तुम्हाला छापता येत नाही.

कार्ड उघडंच आहे. चुनीलालभाऊ वाटेत वाचतील. काच फडताळात धड आहे हे त्यांनी कालच पाहिलंय, तरी शेठना काही सांगणार नाहीत. घरात येऊन मला मात्र विचारतील. विचारू देत. त्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.